निसर्ग वादळात कौलं गेली, पत्रे आले, आता घर तापतंय. एसी घ्यावा की आधी छपराचं बघावं?

माजघर | २ एप्रिल, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आमचं गाव हर्णैजवळ, घर समुद्रापासून अर्धा-पाऊण किलोमीटर. आजोबांनी बांधलेलं घर, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं पडवी, मधे माजघर. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, सकाळपासून वारं वाढत गेलं आणि दुपारपर्यंत निम्मं छप्पर खाली. पाऊस तोंडावर, कौलं मिळेनात, चाळणारा माणूस मिळेना, लाईट तर महिनाभर नव्हती, अशात जे हाताला लागलं ते म्हणजे निळे पत्रे घातले. तसंही वानरं कौलं फोडून फोडून जीव नकोसा करायची, त्यामुळं तेव्हा वाटलं बरं झालं एकदाचं.

पण तेव्हापासून प्रत्येक मार्च ते मे घरात बसवत नाही हो. आई ७१ वर्षांची, बीपीच्या गोळ्या चालू, दुपारी माजघरात झोपायची तिची सवय, ती आता १२ वाजले की चटई घेऊन मागच्या फणसाखाली जाते. तीन पंखे दिवसभर फिरतात, वरची गरम हवाच खाली ढकलतात असं वाटतं. २०१९ च्या एप्रिलचं बिल काढून बघितलं तर ९६ युनिट होते, गेल्या वर्षी एप्रिलला २१४! घरात माणसं तीच, वस्तू त्याच, फक्त एक फ्रीज मोठा घेतलाय.

दापोलीत एकानं दीड टनाचा एसी सांगितलाय माजघरात. माजघर १२ बाय १४, वर माळा नाही, सरळ पत्राच दिसतो. घ्यावा का? बिल किती वाढेल? आईसाठी काहीतरी करायचंच आहे या महिन्यात.

डोंबिवलीकर चाकरमानी | २ एप्रिल, रात्री ९.४८

आईचं वय बघता मी तर म्हणेन एसी घेऊन टाका, फार विचार करू नका. पैसे पुढंमागं होतात. आमच्या देवरुखच्या घरी आईबाबांसाठी घेतला, मेमध्ये दुपारी तरी निवांत झोपतात.

वऱ्हाडी चिपळुणात | २ एप्रिल, रात्री १०.२०

एक सांगून ठेवतो, कोणी कूलर घ्या म्हणलं तर घेऊ नका. मी अकोल्याचा, नोकरीनिमित्त ९ वर्षं चिपळुणात. येताना ट्रकमधून मोठा लोखंडी कूलर घेऊन आलो होतो, खस लावून, सगळं रीतसर. पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं की इथं तो काही कामाचा नाही. खोलीत नुसता दमटपणा, अंग चिकचिक, कपाटातल्या कपड्यांना वास, भिंतीला बुरशी.

कारण साधं आहे. कूलर पाणी वाळवून हवा गार करतो, आणि हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर वाळणार कुठं? आमच्याकडं मेमध्ये ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, तिथं तोच कूलर २७-२८ ची हवा देतो, स्वर्ग वाटतो. इथं ३४ अंश आणि ६५ टक्के, तर कितीही चांगला कूलर असला तरी २८-२९ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि ती हवा ओलीचिंब, घामच वाळत नाही. कोकणात घाम वाळवायला वारा पाहिजे, पाणी नको.

रत्नांग्री एसीवाला | ३ एप्रिल, सकाळी ७.३५

मी १६ वर्षं एसी-फ्रीज दुरुस्ती करतो, रत्नागिरी आणि आसपास. माझा धंदा एसीचा आहे तरी सांगतो, आत्ता आहे त्या खोलीत एसी लावू नका.

उघड्या पत्र्याखाली एसी म्हणजे चुलीवर टोप ठेवून त्यात बर्फ टाकत बसणं. भर दुपारी पत्रा ६० अंशांच्या वर जातो, हात टेकवून बघा, टेकवत नाही. तो नुसता हवा तापवत नाही, खाली धग मारतो, निखाऱ्यासारखी. म्हणून थर्मामीटर ३४ दाखवत असला तरी डोकं भणभणतं. दुसरं, पत्र्याच्या कडेला, आढ्याखाली, वळचणीला सगळीकडं फटी असतात, गार हवा तिथून जाते आणि बाहेरची दमट हवा आत येते. एसीची निम्मी ताकद त्या हवेतलं पाणी काढण्यात जाते, नळीतून बादली बादली पाणी पडतं, लोक खूश होतात की बघा किती काम करतोय! ते काम तुमच्या बिलावर होतंय.

माझ्या एका गिऱ्हाइकानं असाच पत्र्याखाली दीड टन लावला, रात्रीच्या ८ तासांत ९-१० युनिट जायचे, कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. नंतर त्यानं खाली छत घातलं, फटी बुजवल्या, तोच एसी ५ युनिटवर आला.

आणि समुद्रापासून अर्धा किलोमीटर म्हणजे खाऱ्या हवेचं बघायलाच पाहिजे. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीला, समुद्राकडं तोंड करून लावलं की दोन-तीन वर्षांत जाळी पांढरी पडून भुगा होते, मग पाईपला बारीक भोक, गॅस गेला. दर वर्षी गॅस भरणारी गिऱ्हाईकं माझ्याकडं आहेत. पूर्वेकडं किंवा आडोशाला लावा, तांब्याची कॉईल घ्या, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मेन स्वीच बंद करून गोड्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा, प्रेशरची पिचकारी मारू नका, पात्या वाकतात.

आधी छप्पर बघा. मग कदाचित एक टनात भागेल, कदाचित लागणारही नाही.

खळ्यातलो | ३ एप्रिल, सकाळी ८.५०

एसीवाल्यांनी बरोबर सांगितल्यानी. आमच्या मालवणाकडे अजून खळ्यात (अंगणात) माटव घालतत, दिवाळी झाली की चुडता (माडाची झावळा) विणून झाप करूचे आणि मिरगाच्या आधी काढूचे. माझ्या चुलत्याच्या घराक पण पत्रेच आसत, तो दरवर्षी मार्चात पत्र्यार झाप घालता, काथ्यान बांधता. पैसो लागणा नाय, माड आपलेच. भर दुपारी घरात गेलास तर फरक कळता. करून बघा.

फक्त बांधताना पत्र्यार चढा नको, शिडी लावून फळी टाका आणि फळयेर बसा. आणि काथ्यो घट बांधा, एप्रिल-मेत वळवाचो वारो येता तेवा उडान जाता.

वेळणेश्वर | ३ एप्रिल, सकाळी ११.१५

खळ्यातलो यांच्या झापांना माझं पूर्ण अनुमोदन. आमच्याकडं पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत, दोन स्लॅबच्या, दोन पत्र्याच्या, त्यामुळं दोन्हीचा त्रास मी बारा महिने बघतो, आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे हे कळायला मला बरीच वर्षं गेली.

पत्रा पातळ. ऊन आलं की लगेच तापतो, ऊन गेलं की लगेच निवतो. रात्री ८ नंतर पत्र्याच्या खोलीत त्रास नसतो, उलट पहाटे पांघरूण लागतं. स्लॅब जाड, तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री १२ वाजेपर्यंत खाली ओकतो. म्हणून स्लॅबवाल्यांची तक्रार झोपेची आणि पत्र्यावाल्यांची दुपारची. माजघर यांची आई दुपारीच बाहेर जाते ना? म्हणजे त्यांना ११ ते ५ सांभाळायचंय, एवढ्यासाठी एसी मला तरी पटत नाही.

स्लॅबवर मी पांढरा रंग मारला, त्यावर पावसाच्या गळतीसाठी शेड घातली, मधे साडेसहा फूट मोकळं, चारी बाजूंनी वारा. स्लॅबला ऊनच लागत नाही आता.

पत्र्याच्या खोल्यांना दोन गोष्टी केल्या. वर पांढरा रंग. निळा, लाल, हिरवा पत्रा दिसायला छान पण ऊन शोषतो, पांढरा बराचसा परत पाठवतो. स्लॅबवर चुना चालतो, पत्र्यावर चुना मारू नका कोणी सांगितलं तरी, ओला चुना पत्र्यावरचा जस्ताचा थर खातो आणि आपल्या खाऱ्या हवेत मग गंजायला वेळ लागत नाही. पत्र्याचाच रंग घ्या, आधी गंज घासून प्रायमर मारा. आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत, पत्र्यापासून एक ते दीड फूट सोडून. तो मधला पोकळ भाग महत्त्वाचा, त्याला दोन्ही टोकाच्या त्रिकोणी भिंतीत वरती झरोके ठेवले, जाळी लावून. गरम हवा तिथून जाते. जुन्या घरांना माळा होता तो काय फक्त भांडी आणि कांदे ठेवायला नव्हता! आणि कौलांच्या फटीफटीतून घर श्वास घ्यायचं, पत्रा घातला की ते नाक बंद होतं, ते उघडून द्यायचं एवढंच.

चकचकीत फॉइलची बबल शीट मिळते तीही चांगली, पण लोक ती पत्र्याला चिकटवून टाकतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. तिची चकचकीत बाजू आणि पत्रा यांच्यात निदान इंचभर तरी मोकळी हवा पाहिजे, तरच ती धग परतवते.

माजघर | ३ एप्रिल, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज २५० रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ आणलं. दुपारी ३ वाजता माजघरात कपाटावर ठेवलं, ४०.८. तेच पडवीत सावलीत ३३.९. म्हणजे घराच्या आत बाहेरच्यापेक्षा ७ अंश जास्त! आई बाहेर झोपते ते उगाच नाही. बघून मला फार वाईट वाटलं, इतकी वर्षं आम्ही पंख्याचा वेग वाढवत बसलो.

उद्या झापांचं बघतो. खिडक्या दुपारी उघड्या ठेवायच्या की बंद? आई म्हणते बंद, बायको म्हणते उघड्या.

वेळणेश्वर | ३ एप्रिल, रात्री १०.०५

दोघींचंही बरोबर आहे, वाऱ्यावर अवलंबून आहे. रोजच्या दिवशी ११-१२ च्या सुमारास समुद्रावरचा खारा वारा सुरू होतो, तो तुमच्या घरातल्या हवेपेक्षा गारच असतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्या उघडा आणि पूर्वेचं एखादं दार, म्हणजे आरपार जाईल. नुसती एकच खिडकी उघडून वारा येत नाही, त्याला बाहेर जायला वाट लागते.

पण मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस असे येतात की घाटाकडचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही, खारा वारा उशिरा येतो, आणि तेव्हाच आपल्याकडं पारा ३७-३८ च्या वर जातो. किनाऱ्यावर ३७ आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, देशावर हाच आकडा ४० चा आहे. अशा दिवशी सकाळी ९ ला सगळं बंद करा, वारा फिरला की उघडा. माड कुठं झुकतायत बघितलं की कळतं. रात्री तर सगळंच उघडं ठेवा, मतलई वारा येतो, चिऱ्याची भिंत त्यात निवते आणि सकाळी ११ पर्यंत गार राहते.

मीटर रीडर नाही | ४ एप्रिल, दुपारी १.००

बिलाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घरगुती वापराचे टप्पे आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढं. १०० च्या पुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. बऱ्याच जणांचा समज असतो की १०१ वं युनिट झालं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, तसं नाही, फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे तुमच्या २१४ मधले वरचे ११४ महाग आहेत, आणि जी काही बचत कराल ती आधी त्या महागड्या युनिटांतूनच कमी होते.

आता पंखे. जुना पंखा ७५ वॅट धरा, १८ तास चालला तर दिवसाला १.३५ युनिट, महिन्याला ४० च्या वर. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास, तोच वेळ चालवला तर महिन्याला १६. एका पंख्यामागं २४ युनिट, तीन पंख्यांचे ७२. एसीला नाही म्हणा किंवा हो म्हणा, हे आधी करा. पंख्यालाही आता स्टार लेबल असतं, २०२३ पासून सक्तीचं आहे. फक्त जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून टाकायला सांगा, बीएलडीसीला तो चालत नाही, रिमोटवर वेग बदलतो.

आणि फ्रीज कुठं आहे? पत्र्याखाली, भिंतीला चिकटवून असेल तर तोही दिवसभर घुरघुरत असणार. चार बोटं पुढं ओढा.

तांबडी माती | ४ एप्रिल, दुपारी ४.२२

सोलर का नाही सुचवत कोणी? सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान आहे. शिवाय पॅनलची सावली पत्र्यावर पडते.

रत्नांग्री एसीवाला | ४ एप्रिल, रात्री ८.४०

सोलर चांगलंच आहे पण वादळात गेलेल्या छपरावर, पाच-सहा वर्षांच्या पत्र्यावर आणि आतल्या जुन्या वाशांवर वजन टाकण्याआधी सुतार किंवा इंजिनिअरला दाखवा. सांगाडा साध्या लोखंडाचा घेऊ नका समुद्राजवळ, गॅल्वनाइज किंवा अॅल्युमिनियम. आणि पावसाचे चार महिने हातात कमी येतं हे धरून हिशेब करा.

एसीचं शेवटचं सांगतो, पुढं कधी घेतलात तर. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांचे. २०२५ पर्यंतच्या लेबलांवर दीड टनाच्या ३ स्टारला साधारण १००० च्या आसपास, ५ स्टारला साडेसातशे-आठशे. आपल्याकडं गावच्या घरात एसी वर्षाला ६०० तास पण चालत नाही, म्हणजे फरक ८०-९० युनिटचा. त्यासाठी जास्त मोजायचे का ते आपापल्या वापरावर ठरवा. मुंबईत रोज चालवणाऱ्यानं ५ स्टारच घ्यावा. २०२० पासून एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो, तो १८ वर नेल्यानं खोली लवकर गार होत नाही, फक्त जास्त वेळ चालतो. एक अंश वर ठेवला की ६ टक्के वीज वाचते असं सरकारी ऊर्जा बचतवाले सांगतात, माझा अनुभव तसाच आहे. २७ ठेवा आणि पंखा लावा.

सासूबाईंची न्हाणी | ५ एप्रिल, सकाळी ९.१८

विषय थोडा वेगळा आहे पण बिलाचाच आहे. आमच्याकडं गुहागरला पंधरा लिटरचा गीझर आहे, दोघंच माणसं. थंडी अशी आपल्याकडं नसतेच तरी गरम पाणी तर रोज लागतं. किती वीज खातो?

मीटर रीडर नाही | ५ एप्रिल, सकाळी ११.४०

पाणी २७ अंशांचं आणि तुम्ही ६० पर्यंत तापवलंत तर १५ लिटरला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. नंतर त्यात थंड पाणी मिसळून अंघोळ करतो ना आपण? मग आधीच ४५ वर ठेवा, अंघोळीपुरतं तेवढं पुरतं, ०.३ युनिटात काम होतं. गीझरच्या खाली तापमानाची गोल खिट्टी असते, वायरमनला विचारा. आणि दिवसभर चालू ठेवू नका, अंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा.

खळ्यातलो | ५ एप्रिल, दुपारी १२.१०

न्हाणीत चूल आसा तर नारळाची सोडणा आणि करवंटे जाळा, युनिट शून्य.

माजघर | १९ एप्रिल, रात्री ८.५५

दोन आठवड्यांनी लिहितोय. ७ तारखेला झाप घातले. वाडीतली दोन म्हातारी माणसं आली, दोन दिवस खळ्यात बसून विणले, मला त्यांनी बोटं धरून शिकवलं, पाती एकाआड एक कशी घ्यायची, टोक कसं मुरडायचं. माझे दोन झाप सुटले, त्यांचे दोरीसारखे घट्ट. आईनं चहा देता देता त्यातल्या एकाला विचारलं, आता मुलांना येतं का रे हे, तर तो नुसता मान हलवून नाही म्हणाला आणि विणत राहिला.

माजघराच्या आणि स्वयंपाकघराच्या वर सगळं झाकलं. त्याच दिवशी दुपारी ३ ला ४०.८ वरून ३६.९. मग १४ तारखेला तट्ट्यांचं छत घातलं सव्वा फूट सोडून, दोन्ही बाजूला चिरा काढून झरोके केले, जाळी मारली (साप आणि उंदीर हा आईचा पहिला प्रश्न होता). आज दुपारी ३ ला आत ३४.६, पडवीत ३४.१. पंखे दोन बदलले, तिसरा पुढच्या महिन्यात. फ्रीज ओढला पुढं.

एसी घेतलेला नाही. मेमध्ये अगदीच नाही सोसवलं तर एक टनाचा बघू, पूर्वेच्या भिंतीला जागा करून ठेवलीय.

वेळणेश्वर | १९ एप्रिल, रात्री ९.२०

वा! अर्ध्या अंशावर आलात म्हणजे छपराचं काम झालं. वळवाच्या आधी काथ्या एकदा तपासा. रंग ऑक्टोबरनंतरच मारा, आता घाई करू नका.

माजघर | ८ जून, संध्याकाळी ६.३०

काल मिरगाच्या आदल्या दिवशी झाप उतरवले. मेमध्ये दोन दिवस दुपारी ३६ च्या वर गेलं, बाकी सोसलं. मेचं बिल १५१ युनिट आलं, गेल्या मेला २३० होते. आई एप्रिलच्या शेवटापासून परत माजघरात झोपतेय, फणसाखालची चटई आत आली.

झाप वाळून कडकडीत झालेत, न्हाणीच्या चुलीजवळ रचून ठेवलेत, पावसाळाभर पाणी तापवायला होतील. आत्ता बाहेर सर चालू आहे, पत्र्यावर आवाज खूप पण तट्ट्यांमुळं आत बोललेलं ऐकू येतंय.